बोडीचा अनुवाद

ताडपत्रीवर सतरा फोन होते. दोन बटणांचे, पंधरा काचेचे. काचेच्या पंधरांपैकी सहांची काच तडकलेली होती, त्यातल्या एकाची इतकी की पडद्याचा वरचा डावा कोपरा वाचताच येत नव्हता. फोन चार कंपन्यांचे होते. एकाच्या कव्हरात मार्कंडादेवाचा फोटो होता, एकाच्या कव्हरात एसटीचं दुमडलेलं तिकीट, आणि जवळपास सगळ्यांच्या फटींत पांढरं पीठ, कारण त्याच ताडपत्रीवर आदल्या दिवशी शिंगाड्याचं पीठ ऊन दाखवायला पसरलं होतं.

बटणांच्या दोन फोनांवर काही उघडलं नाही. उरलेल्या पंधरांवर एकच पान उघडलं होतं, मी बनवलेलं. नऊ फोनांवर त्या पानाची पहिली ओळ अशी होती: ‘आमच्या बोडीतला शिंगाडा’. सहांवर अशी: ‘हमारे शरीर का सिंघाड़ा’.

बोडी हा शब्द आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगावा लागतो. धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भाताच्या खाचरांच्या, वरच्या अंगाला, उताराचं पाणी अडवून केलेलं लहान तळं म्हणजे बोडी. मोठा तो तलाव, तो गावाचा. लहान ती बोडी, ती एखाद्या शेतकऱ्याची. शरीराशी तिचा काही संबंध नाही.

मी चंद्रपूरला राहते. वनस्पतिशास्त्रात बीएस्सी केलं आणि आता वेबसाइट बनवते. या गावातली सुगंधाबाई माझ्या आईची मावसबहीण, म्हणून मी तिला मावशी म्हणते. तिच्या गटात अकरा बायका आहेत, सगळ्या मासेमारी करणाऱ्या घरांतल्या. गावच्या तलावावर मच्छीमार सोसायटीचा हक्क आहे आणि सोसायटीत पुरुष आहेत. म्हणून बायकांनी दादाजींची बोडी मागून घेतली आणि तिच्यात शिंगाडा लावला. दादाजी त्याच गावचे शेतकरी, सत्तरीचे. दिवाळीनंतर बायका शिंगाडा तोडतात, उकडतात, सोलतात, वाळवतात, दळून आणतात आणि महाशिवरात्रीच्या उपवासासाठी विकतात.

मागच्या वर्षी त्या मार्कंड्याच्या जत्रेत खाली बसून विकत होत्या. त्यांच्यासारखे तिथे पुष्कळ होते. निम्मं पीठ परत आलं. उन्हाळ्यात त्यात जाळ्या झाल्या आणि ते गुरांपुढे गेलं. दादाजी तेव्हा म्हणाले होते, “पुढच्या शिवरात्रीले असंच पीठ उरलं, त मी बोडी बुजवतो. बांधी करतो. धान त होते निदान.” ते रागाने म्हणाले नव्हते, म्हणून सगळ्यांनी ते खरं धरलं.

यंदा पीठ एकशे ऐंशी किलो झालं होतं. सहा ड्रम.

साइट त्यासाठी होती. जत्रेत भेटलेल्या दुबे मॅडम भद्रावतीच्या आयुध निर्माणीच्या कॉलनीत राहतात. त्यांनी मागच्या वर्षी दोन किलो पीठ नेलं होतं आणि त्यांना ते आवडलं होतं. कॉलनीत देशभरातून आलेली कुटुंबं आहेत, शिवरात्रीचा उपवास करणारी भरपूर. मॅडम म्हणाल्या होत्या, पान बनवा, मी लिंक आमच्या बायकांच्या ग्रुपवर टाकते. मी पान बनवलं. मजकूर बायकांनी सांगितला तसाच, त्यांच्या शब्दांत ठेवला. माझ्या टेबलावर अकरा प्रकारच्या ब्राउझरमध्ये तपासलं. सगळीकडे नीट होतं. मॅडमनी लिंक टाकली आणि तासाभरात त्यांचा फोन आला.

“पुनम बेटा, आटा तो बहुत अच्छा है. पर ये लिखा क्या है?”

“काय झालं, मॅडम?”

“लिखा है, ‘हम शव में उतरकर सिंघाड़ा तोड़ते हैं’. शिवरात्रि का व्रत है, बेटा. मेरी सास ने पढ़ लिया. मैंने ग्रुप से हटा दिया है. ठीक करके भेजो, फिर डालती हूँ. पर जल्दी. एक बार लोगों ने दुकान से ले लिया तो फिर कौन लेगा.”

मी माझ्या फोनवर पाहिलं. ‘आम्ही बोडीत उतरून शिंगाडा तोडतो.’ लॅपटॉपवर पाहिलं. तेच. मग मावशीला फोन करून तिच्या फोनवर काय दिसतं ते वाचायला सांगितलं. तिच्याकडे शरीर होतं. शेजारच्या मैनाच्या फोनवरही शरीर. मैनाच्या शेजारच्या कमळाच्या फोनवर मात्र बोडी. एकाच आळीत दोन्ही उत्तरं मिळत होती. मी सकाळच्या गाडीने सावलीला, तालुक्याच्या गावी, उतरले आणि तिथून ऑटोने गावात येऊन मिळतील तेवढे फोन मावशीच्या अंगणात ताडपत्रीवर मांडले.

या धंद्यात असं नेहमी होतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पान एकच असतं पण दाखवणारा ब्राउझर प्रत्येकाचा वेगळा, आणि प्रत्येक जण तेच पान आपल्या समजुतीनं वाचतो. एका कोचिंग क्लासच्या साइटवर मी तारीख आणि वेळ यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा सोडली होती. चार ब्राउझरांनी ती समजून घेतली, पाचव्यानं ‘अवैध तारीख’ असं छापलं आणि परीक्षा कधी आहे ते पोरांना कळेना. एका हॉटेलच्या साइटवर दोन फोटोंमधलं अंतर जुन्या फोनांवर नाहीसं व्हायचं आणि व्हेज थाळीवर मटण थाळी चढून बसायची. अशा गोष्टींनी डोकं फिरतं. पण त्या सगळ्या मांडणीच्या गोष्टी होत्या. चौकट सरकते, रंग जातो, बटण पडद्याबाहेर निघून जातं. ब्राउझरनं शब्द बदललेला मी पाहिला नव्हता. त्यामुळे डोकं फिरायच्या ऐवजी मला तिथे जाऊन बघायचं होतं.

“फोन मांडून काय लिलाव करून राह्यली काय वो?” मैना म्हणाली. ती गटातली सगळ्यात लहान, पस्तिशीची असेल. “माहा पयले इक. बॅटरी जाते त्याची.”

“तुह्या फोनले कोण घेते,” कमळा म्हणाली. “शरीर दाखवते तो.”

“तुह्याच जोडीचा होय.”

ते खरं होतं, आणि मला ते फार उपयोगी पडलं. मैना आणि कमळा एकमेकींशिवाय बाजार करत नाहीत. दोघींनी एकाच दिवशी एकाच दुकानातून एकाच मॉडेलचे फोन घेतले होते. मी दोन्हींतल्या ब्राउझरची आवृत्ती पाहिली. शेवटच्या आकड्यापर्यंत तीच. प्रयोगशाळेत अशी जोडी मिळावी म्हणून लोक उंदरांच्या पिढ्या वाढवतात. मला ती ताडपत्रीवर मिळाली. एकीवर बोडी, दुसरीवर शरीर.

म्हणजे दोष आवृत्तीचा नव्हता. मी दोन्ही फोन मांडीवर घेतले आणि सेटिंगमधली एकेक ओळ जुळवत गेले. अक्षराचा आकार तोच. वेळ तीच. भाषा तीच, हिंदी.

हिंदी.

मी बाकीचे फोन उचलून पाहिले. पंधरांपैकी अकरा हिंदीत होते, तीन इंग्रजीत, एक मराठीत. या गावात घरात कोणी हिंदी बोलत नाही.

“हे फोन हिंदीत कोणी केले?”

“निकेशनं,” मावशी म्हणाली. निकेश तिचा मुलगा, सावलीच्या स्टँडजवळ त्याचं मोबाइलचं दुकान आहे. गावातला प्रत्येक फोन त्याच्या हातून जातो. तो जेवायला घरी आला होता आणि दारात हात धूत होता.

“निकेश, काऊन केले?”

“मंग काय करू, ताई? मराठी लावलं का लोक दुसऱ्या दिवशी परत आणून देतात.” त्याने हात पुसले आणि मराठीतला तो एकुलता एक फोन उचलला. “आयका. ‘पार्श्वभूमीतील क्रियाकलाप मर्यादित करा.’ सांगा, हे आपल्या गावात कोण बोलते? ‘प्राधान्ये.’ हे काय होय? देवराव मले म्हणते, निकेश, हा फोन कोणत्या गावचा बोलून राह्यला गा, माह्याशी भांडून राह्यला काय. हिंदी लावून देल्ली का गुपचूप घरी जातात. सिनेमातली हिंदी सगळ्याइले समजते.”

“पण हा एक मराठीत आहे.”

“तो मास्तरचा.”

मी ‘क्रियाकलाप’ हा शब्द बोलणारं माणूस आठवायचा प्रयत्न केला. आमच्या कॉलेजात एक सर होते, पण ते लिहायचे, बोलायचे नाहीत.

तर हिंदी फोनाला मराठी पान परकं वाटत होतं आणि तो त्याचा हिंदीत अनुवाद करत होता. शब्द का बदलतो याचं हे उत्तर झालं. पण निम्मंच. कमळाचा फोनही हिंदीच होता आणि त्यावर बोडी जशीच्या तशी होती.

मी दोन्ही फोनांतल्या ब्राउझरची जुनी आठवण, म्हणजे आधी दिलेली उत्तरं, पुसली आणि फोन ज्याचे त्याला परत दिले. “आता मी काही करत नाही. तुम्हीच उघडा, रोज उघडता तसं.”

दोघींनी लिंक दाबली. पान आलं. पडद्याच्या तळाशी एक पट्टी वर आली, तिच्यावर बारीक अक्षरांत काही लिहिलेलं, आणि खाली दोन पर्याय. मी वाचायला वाकले तोवर मैनाचा अंगठा पडला होता. पान एकदा थरथरलं आणि बोडीचं शरीर झालं.

“काय दाबलं?”

“हाँ.”

“त्यानं काय विचारलं होतं?”

“कोणाले मालूम,” मैना म्हणाली. “फोन काईबी विचारते. हाँ म्हटल्याबिगर पुढी जाऊच देत नाई.”

कमळाच्या फोनावर पट्टी अजून होती. ‘इस पेज का हिंदी में अनुवाद करें?’ तिनं डोळे बारीक केले आणि ‘नहीं’ दाबलं.

“तुम्ही वाचलं?”

“नाई.”

“मग नहीं कसं दाबलं?”

“मी फोनले कधीच हाँ म्हणत नाई,” कमळा म्हणाली. “येक डाव म्हटलं होतं. तं मले कोणी फोन केला का त्याले गाणे आयकू जाये. नाचाचे. माह्या सासऱ्याची मयत झाली तवाबी तेच. बारा गावचे पाव्हणे गाणं आयकून पोचले.”

“तवापासून माहेरच्याइलेबी नाई म्हणते ते,” मैना म्हणाली.

बाकीच्या नऊ हिंदी फोनांवर मी हाच प्रयोग केला. आठवण पुसायची, मालकिणीच्या हाती द्यायचं, गप्प बसायचं. एकूण अकरांत सहा हाँवाल्या निघाल्या आणि पाच नाईवाल्या. ज्या सहा फोनांवर सकाळी शरीर होतं, तेच हे सहा. दोन फोनांतला फरक मी यंत्रात शोधत होते. तो अंगठ्यात होता.

आता काय झालं ते कळलं होतं. का, ते नव्हतं. अनुवाद करणाऱ्या यंत्रानं बोडी हा शब्द पाहिला नसणार आणि जवळचा म्हणून त्याला इंग्रजी ‘बॉडी’ ऐकू आला असणार, असा माझा अंदाज. पण एका ओळीत शरीर आणि दुसऱ्या ओळीत शव, हे का? मी एक कोरं पान उघडलं, त्यात वाक्यं टाकून मैनाच्या फोनवर पाहू लागले. ‘बोडी भरली’ याचं ‘शरीर भर गया’ झालं. ‘बोडीवर बगळे उतरले’ याचं ‘शव पर बगुले उतरे’. खाली काही उतरलं, बसलं, तोडलं की शव, एरवी शरीर, असं काहीसं दिसत होतं, पण ‘बोडीत म्हशी बसल्या’ यानं तो नियम मोडला. तिथे पुन्हा शरीर आलं.

तोवर बायका माझ्याभोवती जमल्या होत्या आणि वाक्यं पुरवत होत्या.

“लिव,” मैना म्हणाली. “दादाजीची बोडी आटली.”

मी लिहिलं. फोनानं दाखवलं: ‘दादाजी का शरीर सूख गया.’

दादाजी ओसरीवर बाजेवर बसले होते. मैनानं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

“बराबर सांगते तो,” दादाजी म्हणाले.

सगळ्यात आधी मी हसत होते. मग आठवलं की कॉलनीच्या ग्रुपवरून लिंक काढलेली आहे आणि मावशीच्या खोलीत सहा ड्रम भरलेले आहेत.

सोपा उपाय मला ठाऊक होता. मी चाचणीच्या पानावर बोडीच्या जागी तलाव लिहिलं आणि मैनाच्या हाती दिलं. ‘हमारे तालाब का सिंघाड़ा.’ एकदम स्वच्छ.

“झालं,” मी म्हटलं. “तलाव लिहू या.”

मावशीनं पदराला हात पुसले.

“तलाव सोसायटीचा होय, पुनम.”

“हो, पण भद्रावतीच्या बायकांना काय...”

“भद्रावतीच्या बायकाइचं नाई सांगून राह्यली. मागच्या साली जत्रेत हरिदास माह्यापुढी येऊन उभा राह्यला. सोसायटीचा सेक्रेटरी. ‘आमच्या तलावातून काढला काय वो हा शिंगाडा?’ सगळ्या लोकाइत. म्या म्हटलं, बोडीचा होय, पाह्यजे त दादाजीले इचार. मंग गेला. आता मीच तलाव लिवून देऊ? उद्या तो मोबाइल घेऊन दारात उभा राहीन. पाह्य, तुनंच लिवलं.”

“आणि तलाव म्हटलं त मंग बोडी कशाले ठेवाची?” दादाजी बाजेवरून म्हणाले. “बुजवतो.”

ते या वेळीही रागानं म्हणाले नाहीत.

दुसरा उपाय म्हणजे अनुवादच बंद करणं. पानाच्या सुरुवातीला एक ओळ टाकली की ब्राउझर पट्टी दाखवतच नाही. टाकली. सहाही फोन बोडी दाखवू लागले. मी दुबे मॅडमना फोन केला आणि विचारलं, पान फक्त मराठीत ठेवलं तर चालेल का.

“मैं तो पढ़ लूँगी बेटा, पच्चीस साल हो गए यहाँ. बाकी नहीं पढ़ेंगी. कोई ओडिशा की है, कोई कानपुर की. दो लाइन में समझ नहीं आया तो बंद कर देंगी. तुम भी तो यही करती होगी.”

मी तेच करते. ओळ काढून टाकली.

तिसरा उपाय असा: बाकीचं सगळं बदला, पण हा एक शब्द जसा आहे तसा राहू द्या, असं त्या एका शब्दावर खूण करून सांगता येतं. मी ‘बोडीतला’ या पूर्ण शब्दावर खूण केली. मैनाच्या फोनवर आलं: ‘हमारे बोडीतला सिंघाड़ा.’ हे ना धड हिंदी, ना धड मराठी. म्हणून खूण फक्त ‘बोडी’वर ठेवली आणि पुढचं ‘तला’ मोकळं सोडलं. पुन्हा मैनाच्या हाती दिलं.

ती वाचायला लागली आणि मध्येच थांबली. “हे पाह्य. आता तळून टाकलं.”

‘हमारे बोडी तला हुआ सिंघाड़ा.’

मराठीतला ‘तला’ हिंदीत तळलेला असतो. हे मला सुचायला हवं होतं, पण सुचलं नव्हतं, आणि ते पाहून मला जो आनंद झाला तो मावशीच्या तोंडाकडे बघून मी आवरला. त्यातच दोन जुन्या फोनांवर खुणेमुळे शब्द मध्येच तुटला, ‘बोडी’ एका ओळीत आणि ‘तला’ खालच्या ओळीत गेला. ही मात्र खरीखुरी ब्राउझरची तक्रार होती. ओळखीचं माणूस भेटावं तसं वाटलं.

अडचण आता नीट दिसत होती. मराठीत शब्द एकटा उभा राहत नाही. त्याला चा, त, तला, वर असं काहीतरी चिकटतं, आणि जिथे चिकटतं तिथे यंत्र घसरतं. बोडीला वाचवायचं तर तिला काही चिकटू न देता लिहायला हवं. म्हणजे वाक्यच नको.

वाक्य नसलेलं लिखाण मी तीन वर्षं केलं होतं. वनस्पतिशास्त्रात झाड वाळवून कागदावर चिकटवतात आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल लावतात: नाव, ठिकाण, अधिवास, कोणी गोळा केलं. त्यात कुठेच क्रियापद नसतं. लॅपटॉपमध्ये माझ्या जुन्या नमुन्यांचे फोटो होते. मी मावशीला एक दाखवला.

“हे त मेलेलं झाड होय,” मावशी म्हणाली. “आमचा शिंगाडा जित्ता आहे.”

“पीठ जित्तं असते काय?” मैना म्हणाली.

“तू गप रे.” मावशी मैनाला रे म्हणाली म्हणजे ती विचारात होती. “वाचून दाखव कसं लिवशीन ते.”

मी लिहून वाचलं.

नाव: शिंगाडा.
ठिकाण: बोडी.
पाणी: पावसाचं.
तोडणी: हाताने.
दळण: गावची चक्की.

“आणि बोडी कोणाची?” मावशी म्हणाली. “ते नाई लिवलं. हरिदास वाचीन.”

‘बोडी कोणाची: दादाजी.’ तेही टाकलं. बोडी इथेही सुटी उभी होती, मघाची खूण अंगावर घेऊन. मावशीच्या सांगण्यावरून एक फोटोही घेतला: पाण्यावर पसरलेल्या उरल्यासुरल्या शिंगाड्याच्या वेली, मागे बांध, बांधावर दादाजी. त्यांनी फोटोसाठी टोपी बदलून यायला बराच वेळ घेतला. बोडी म्हणजे काय हे सांगणारं एकही वाक्य पानावर नव्हतं. फोटोखाली फक्त तो शब्द.

मग पुन्हा सगळे फोन ताडपत्रीवर. आठवण पुसली, हातात दिले, गप्प बसले. हाँवाल्यांनी हाँ दाबलं, नाईवाल्यांनी नाई. पानं थरथरली. पंधराच्या पंधरा फोनांवर ठिकाण बोडी होतं. सहांवर वरचं ‘शिंगाडा’ ‘सिंघाड़ा’ झालं होतं आणि खालचं पाणी ‘बारिश का’, पण बोडी बोडीच. तडकलेल्या फोनवर ‘नाव’ हा शब्द दिसत नव्हता. तो काचेचा दोष.

मी दुबे मॅडमना लिंक पाठवली. उत्तराची वाट बघताना मावशीनं भात वाढला आणि मी तो नीट जेवले नाही. जेवण उरकायच्या आत फोन वाजला.

“हाँ, अब ठीक है,” मॅडम म्हणाल्या. “सास को भी दिखाया. बस एक बात, सब पूछ रही हैं, ये बोडी क्या होती है?”

“काय सांगितलं तुम्ही?”

“मैंने कहा, फोटो देखो. जिसमें दादाजी खड़े हैं, वो.”

ऑर्डरसाठी पानावर एक मोकळा रकाना ठेवला होता, काय हवं ते ज्यानं त्यानं आपल्या शब्दांत लिहायचं. संध्याकाळपासून तो भरू लागला. मी चंद्रपूरला परतले आणि रोज सकाळी आलेलं सगळं मावशीला फोनवर वाचून दाखवू लागले. पहिल्या दिवशी लोकांनी ‘सिंघाड़े का आटा’ असं लिहिलं होतं. नंतर एकीनं ‘बोडी वाला आटा’ लिहिलं. मग ‘बोडी आटा, दो किलो’. एकानं ‘दादाजी बोडी, एक किलो’ असं लिहिलं, जणू ती कंपनीच आहे. तेलुगूतून एक ऑर्डर आली, ती मला वाचता आली नाही. सिरोंच्याकडची, तेलुगू येणारी एक मैत्रीण म्हणाली, पहिला शब्द ‘बोडी’ आहे, पुढचं पत्ता.

“हरिदासनं काई लिवलं काय?” मावशीनं एकदा विचारलं.

“नाही.”

“वाचलं असन त्यानं,” ती म्हणाली, आणि तिला ते पुरलं.

पिशव्या सावलीहून एसटीनं चंद्रपूरला यायच्या. मी त्या स्टँडवर उतरवून घ्यायचे आणि भद्रावतीच्या गाडीत चढवायचे. कंडक्टर पहिल्यांदा म्हणाला, काय आहे ताई यात. मी म्हटलं, पीठ. चौथ्यांदा तोच म्हणाला, आज बोडी किती आहेत?

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा गावात गेले. पाच ड्रम अंगणात उलटे वाळत होते. सहावा खोलीत होता, झाकण लावलेला. शेवटच्या पिशव्या मैना आणि कमळा सकाळीच मार्कंड्याला घेऊन गेल्या होत्या, जत्रेत बसायला. दोघी परत आल्या तेव्हा मैनाच्या हातात रिकाम्या पिशव्यांची घडी होती. कमळा म्हणाली, एक गिऱ्हाईक उधार मागत होतं, तिनं नाई म्हटलं.

दादाजी आले. कोणी बोलावलं नव्हतं. ओसरीवर बसले नाहीत, खोलीच्या दारापर्यंत आले आणि चौकटीला टेकून उभे राहिले.

“किती हाये मंग?”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. पीठ भरण्याआधी प्रत्येक रिकामा ड्रम झाकणासकट तोलून त्याचं वजन मी ड्रमच्याच अंगावर मार्करनं लिहिलं होतं. निकेशनं काटा आणून जमिनीवर ठेवला, खाली पाटी सरकवून तो सारखा केला. मावशीनं ड्रम दोन्ही हातांनी उचलून त्यावर ठेवला आणि मागे सरकली. दादाजींना आकडे नीट दिसेनात म्हणून निकेश बाजूला झाला.

ड्रमवर लिहिलं होतं, रिकामा दोन किलो सातशे ग्रॅम. काट्यावर आलं, दोन किलो सातशे वीस.